हायब्रिड टर्बोची वाट

मोटारीचे इंजिन किती शक्ती देईल हे इंधन जाळण्यासाठी त्याला किती हवा मिळते यावर ठरते, आणि इंजिन स्वतः ओढून घेईल त्याहून अधिक हवा दाबून सिलिंडरांत भरणारे यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने टर्बाइन नावाचे पात्यांचे चक्र फिरते आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरील कॉम्प्रेसरचे चक्र बाहेरची हवा दाबते. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ मध्ये घेतले. मात्र इंजिनाची शक्ती ४० टक्क्यांहून अधिक वाढवून दाखवायला १९२५ साल उजाडावे लागले. प्रवासी मोटारींत टर्बो १९६२ मध्ये अमेरिकेत, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांतून आला.

कारखान्याने दिलेल्या टर्बोवर समाधान न मानणाऱ्या ग्राहकांसाठी ब्रिटन, जर्मनी, अमेरिका आदी देशांतील छोट्या कार्यशाळा ‘हायब्रिड टर्बो’ घडवतात. बॅटरीवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांशी या शब्दाचा काही संबंध नाही. बाहेरचे कवच मूळचेच ठेवून ते आतून लेथवर मोठे करायचे आणि त्यात मोठी चक्रे बसवायची, असा हा संकर असतो. कवच तेच राहिल्याने नळ्या आणि बोल्ट जुन्याच जागी बसतात, हा त्याचा लाभ; पण प्रत्येक नग ग्राहकाच्या गाडीप्रमाणे वेगळा घडवावा लागतो, आणि काही आठवड्यांचा वायदा महिन्यांवर जाण्याचे मूळ येथेच आहे.

टर्बाइनचे चक्र सामान्यतः इन्कोनेल या निकेलप्रधान मिश्रधातूचे असते, कारण पेट्रोल इंजिनात त्याला सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसावे लागते. मेणाची प्रतिकृती करून तिच्याभोवती साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा, या जुन्या पद्धतीनेच ते घडते. परंतु फाउंड्री एका मापाची दहा-वीस चक्रे ओतण्यासाठी भट्टी पेटवत नाही, म्हणून नेमके हवे ते माप शिल्लक नसले की कार्यशाळेला पुढच्या ओतकामापर्यंत थांबावे लागते. कॉम्प्रेसरचे ॲल्युमिनियमचे चक्र मात्र अखंड ठोकळ्यातून सीएनसी यंत्रावर कोरून काढता येते, त्यामुळे ती बाजू सहसा अडत नाही. त्यातच ग्राहकाने पाठवलेला जुना टर्बो उघडल्यावर टर्बाइनच्या कवचाला उष्णतेने तडे गेलेले आढळले, तर दुसरे कवच शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

सर्वांत नाजूक काम बॅलन्सिंगचे, म्हणजे फिरणाऱ्या भागांचे वजन अक्षाभोवती समतोल करण्याचे. लहान मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला २ लाखांहून अधिक, म्हणजे सेकंदाला तीन हजारांवर फेरे घेऊ शकतो, आणि बहुतेक टर्बोंत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. काही मिलिग्रॅमचा असमतोलही त्या वेगात तो थर फोडून धातूला धातू घासवू शकतो. म्हणून चक्र आणि शाफ्ट आधी सुटे तोलतात, मग बेअरिंगांसह जोडलेला गाभा, ज्याला कार्ट्रिज म्हणतात, दाबाखालचे तेल देऊन अतिवेगाने फिरवतात, कंपन मोजतात आणि किंचित धातू खरवडून पुन्हा फिरवतात. जो गाभा तोलात येत नाही तो उघडून काम पहिल्यापासून करावे लागते. या टप्प्यावर घाई करणाऱ्या कारागिरापेक्षा उशीर करणारा बरा, असेच म्हणावे लागेल.

मात्र सगळाच उशीर धातूच्या माथी मारता येत नाही. आगाऊ घेतलेल्या रकमेतून आधीच्या ग्राहकांचे सुटे भाग आणायचे, यंत्रावर बसणाऱ्यानेच फोनही घ्यायचा आणि प्रत्येकाला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची, ही रीत सोनार-शिंप्यांच्या वायद्यांइतकीच जुनी आहे. त्याचा फटका साखळीने बसतो: वाढीव हवेला जुळणारे इंजेक्टर बसवून इंजिनाच्या संगणकातील इंधनाचे गणित नव्याने मांडावे लागते, हे काम डायनो या शक्तिमापक रुळांवर वेळ राखून होते, आणि टर्बो लांबला की ती वेळही हुकते. त्यात जुना टर्बो कार्यशाळेत पडून असल्याने गाडी जागची हलत नाही. म्हणून नवी चक्रे कार्यशाळेच्या हाती आल्याची खात्री होण्यापूर्वी चालता टर्बो उतरवणे शहाणपणाचे नाही.

भारतात या रांगेला कायद्याचीच आडकाठी आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे फेरबदल रोखते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे महाराष्ट्रातील गाडीमालकाला रस्त्यावरच्या गाडीसाठी निर्धोकपणे घेता येते ती मूळ मापाची, कारखान्यातच तोलून आलेली कार्ट्रिज. आणि ती दुकानात असेल तर त्याच दिवशी मिळते.