मज्जातंतूंचें टपाल आणि मण्यारीचें विष

पावसाळ्याच्या दिवसांत वाशिम जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत, दिवसभर सोयाबीनच्या शेतांत खपलेला शेतकरी रात्रीं जमिनीवरच अंथरूण टाकून निजतो. भक्ष्याच्या शोधांत फिरणारी मण्यार त्या अंथरुणांत शिरते व दंश करते. तिचे दांत इतके बारीक असतात कीं, पुष्कळदां निजलेल्यास जागहि येत नाहीं. दंशाच्या जागीं सूजहि फारशी दिसत नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, घोट गिळवत नाहीं आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायु थांबूं लागतात. आश्चर्य हें कीं, त्याचें हृदय चालूच असतें, भोवतालचें बोलणें त्याला बहुधा कळत असतें, हात उचलावा असें त्याच्या मनांत येतें. पण हात उचलला जात नाहीं. मग बिघडलें तें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर आधीं मज्जासंस्थेची रचना पाहिली पाहिजे.

सर्व प्राण्यांत ही संस्था सारखी नसते. गोड्या पाण्यांतील हायड्रा या सूक्ष्म जीवाला मेंदूच नाहीं. त्याच्या अंगभर मज्जापेशींचें नुसतें जाळें पसरलेलें असतें. गांडुळांत डोक्याशीं एक गांठ व पोटाच्या बाजूनें गेलेली मज्जेची दोरी दिसते. तिला प्रत्येक वळ्यांत लहानशी गांठ असते. बैल, बेडूक, मनुष्य या पृष्ठवंशीय प्राण्यांत ही दोरी पाठीच्या कण्यांत सुरक्षित ठेवलेली असून तिच्या टोंकास मेंदू आहे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. कांहीं तंतु बाहेरची वार्ता आंत आणतात, तर कांहीं आंतील आज्ञा स्नायूंकडे नेतात. विस्तवावर पाय पडला कीं तो मेंदूला चटका कळण्यापूर्वींच मागें येतो, कारण असले निकडीचे निर्णय कण्यांतील मज्जारज्जूच परस्पर उरकून टाकतो.

आतां वार्ता जाते कशी? मज्जापेशीला एक लांब शेपटासारखा तंतु असतो. विश्रांतीच्या वेळीं त्याचा आंतला भाग बाहेरच्या मानानें सुमारें सात-शतांश व्होल्ट ऋण असतो. बाहेर सोडियम अधिक, आंत पोटॅशियम अधिक. उत्तेजन मिळतांच तंतूच्या आवरणांतील सूक्ष्म दारें उघडून सोडियमचे कण आंत घुसतात. तेवढ्यानें शेजारचीं दारें उघडतात, मग त्यापुढचीं. अशी ती लाट दारूच्या वातीवरून ठिणगी धांवावी तशी पुढें सरकते. भेद इतकाच कीं, ही वात जळून जात नाहीं. कांहीं सहस्रांश सेकंदांत ती पुन्हां सज्ज होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५० च्या सुमारास बेडकाच्या तंतूंत हा वेग मोजला. तो सेकंदास सुमारें २७ मीटर भरला. मनुष्याच्या जाड, वेष्टित तंतूंत तो १०० मीटरपर्यंत जातो, तर बारीक उघड्या तंतूंत सुमारें एक मीटरच असतो. ठेंच लागल्यावर आघात आधीं कळतो आणि ठणका मागून येतो तो यामुळेंच. कोंकणांत जिला माकूळ म्हणतात त्या समुद्रजीवाच्या जाड तंतूवर प्रयोग करून हॉजकिन व हक्सली यांनीं १९५२ सालीं या लाटेचें गणित मांडलें. १९६३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

परंतु तंतु स्नायूला जोडलेला नसतो. दोहोंमध्यें एक फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी. श्रोत्यांनीं असें कल्पावें कीं, पैनगंगेच्या अलीकडच्या तीरापर्यंत तार येते, पुढें मात्र निरोप नावेनेंच न्यावयाचा आहे. ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य ही ती नाव. तें पलीकडच्या घाटाला लागलें कीं स्नायु आंखडतो, आणि एक पाचक द्रव्य त्या नावेचा लागलीच निकाल लावून घाट मोकळा करतें. मज्जातंतु रसायनाच्या द्वारें बोलतात, हें ऑटो लोवी यानें १९२१ सालीं बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविलें.

या वाटेवर प्रत्येक विष आपापली जागा धरून बसतें. विंचवाचें विष तारेवरचीं सोडियमचीं दारें नीट मिटूंच देत नाहीं. संदेशांचा भडिमार होऊन हृदयावर ताण येतो. अशा रोग्यांना प्राझोसिन या औषधानें वांचवितां येतें, हें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं दाखवून दिलें. नागाचें विष पलीकडचा घाट अडवितें. मण्यारीचें विष मुख्यतः अलीकडच्या घाटावरील नावाच नाहींशा करतें. कांहीं फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें याच्या उलट त्या पाचक द्रव्यालाच निकामी करतात. मग नावांची गर्दी होऊन लाळ सुटते, स्नायु थरथरतात व शेवटीं लुळे पडतात. त्यावर धोतऱ्याच्या जातींत सांपडणारें ॲट्रोपिन वापरतात. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें विसरण्यासारखें नाहीं.

यावरून उपायहि स्पष्ट होतो. घोड्यांच्या रक्तापासून केलेली सर्पविषावरील लस रक्तांत फिरणारें विष मारते. पण एकदां उद्ध्वस्त झालेला घाट तिला बांधतां येत नाहीं. म्हणून मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेली एक घटकाहि महाग पडते. जखम कापूं नये, अवयव करकचून बांधूं नये. रोग्यास चालवूं नये आणि तडक रुग्णालयांत न्यावें. शक्य तर खाटेवर, मच्छरदाणी नीट खोंचून निजावें, म्हणजे मण्यारीला अंथरुणांत वाट मिळत नाहीं. श्वास थांबला तरी आशा सोडण्याचें कारण नसतें, कारण मेंदू व हृदय शाबूत असतात. यंत्रानें श्वास चालूं ठेवला तर कांहीं दिवसांनीं तंतूंचीं टोंकें पुन्हां सज्ज होतात, आणि जो हात उचलावा असें रोग्याच्या मनांत इतके दिवस येत होतें, तो हात एके सकाळीं उचलला जातो.