पदवी निवडण्यापूर्वी प्रयोगशाळेची ओळख

बारावीनंतर कृषी, अन्नतंत्रज्ञान की रेशीमशास्त्र, हा निर्णय ग्रामीण कुटुंबांत अनेकदा ऐकीव माहितीवर घेतला जातो. विषयाचे प्रत्यक्ष काम आधी पाहिले, तर निवड डोळसपणे होते.

म्हैसूरमध्ये अशी संधी शोधता येते. १९५० मध्ये स्थापन झालेली तेथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था ही ‘सीएसआयआर’ची प्रयोगशाळा आहे. शालेय विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांशी जोडणारा ‘जिज्ञासा’ उपक्रम ‘सीएसआयआर’ने २०१७ मध्ये सुरू केला; प्रयोगशाळा-भेटी व निवासी कार्यक्रम हे त्याचे भाग आहेत. केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थाही याच शहरात आहे. मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांना परिचित असलेला ‘व्ही-१’ हा तुतीचा वाण तेथेच विकसित झाला.

लघु अभ्यासक्रमांपैकी अनेक उद्योजक व पदवीधरांसाठी असतात. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर पात्रता, शुल्क, निवास व शिक्षणाची भाषा प्रथम तपासावी. शालेय गटाच्या भेटीसाठी मुख्याध्यापकांनी संस्थेला लेखी विनंती करावी. विस्तार कार्यकर्त्यांनी त्यांना साहाय्य करावे. मात्र अशा सहभागाने पदवीचा प्रवेश निश्चित होत नाही. महाराष्ट्रात कृषी पदवीसाठी प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. प्रयोगशाळेत घालवलेले चार दिवस पुढील चार वर्षांची दिशा मात्र स्पष्ट करू शकतात.