कोंबड्याच्या तोंडावरील जखमा व फोड : ओळख आणि उपचार

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील लोणी-धामणी हा परिसर पर्जन्यछायेत मोडतो. अशा कोरडवाहू भागात परसातील दहा-वीस कोंबड्या म्हणजे घरातील गृहिणीची हाताशी असलेली शिल्लकच होय. या कळपातील नर आजारी पडल्यास दुहेरी नुकसान होते. त्याची विक्री होत नाही, आणि उबवणीसाठी फलित अंडीही मिळत नाहीत.

कोंबड्याच्या तोंडावर काळी खपली दिसली की, "कोठेतरी झुंजला असेल," असे म्हणून पुष्कळदा तिकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु ती खपली देवी रोगाची असल्यास काही आठवड्यांतच सर्व कळप त्या रोगास बळी पडू शकतो. म्हणून औषध लावण्यापूर्वी ही जखम आहे की रोग, हे निश्चित करणे अगत्याचे आहे.

जखमेची लक्षणे

तुरा व गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या यांत रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. त्यामुळे झुंजीत, तारेच्या जाळीने किंवा खुराड्यातील खिळ्याने तेथे सहज जखम होते व रक्तही बरेच वाहते. जखम बहुधा एकाच बाजूस, एक-दोन ठिकाणी व फाटल्यासारखी असते. ती एकाएकी दिसू लागते. पक्षी खातपीत राहतो. इतर कोंबड्या निरोगी असतात.

देवीची लक्षणे

देवी हा विषाणूजन्य रोग आहे. डास चावल्याने, तसेच रोगी पक्ष्याच्या खपल्या दुसऱ्याच्या जखमेस लागल्याने तो पसरतो. तुरा, पापण्या, चोचीचे कोपरे अशा पिसे नसलेल्या भागांवर प्रथम बारीक पांढुरके ठिपके उठतात. ते वाढून पिवळट व चामखिळीसारखे खडबडीत होतात आणि शेवटी त्यांवर काळपट खपली धरते. असे फोड एकाच वेळी अनेक जागी असतात, आणि काही दिवसांतच ते दुसऱ्या पक्ष्यांवरही दिसू लागतात.

संशय आल्यास चोच उघडून पाहावी. तोंडात किंवा घशात पिवळट पापुद्रा आढळल्यास रोग आतील प्रकारचा समजावा. यात पक्षी गुदमरून मरण्याचा संभव असल्याने पशुवैद्यकास त्वरित दाखवावे.

इतर रोगांपासून फरक

खपली नसून चेहरा सुजला असेल व नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तो सर्दीचा संसर्गजन्य रोग असू शकतो. तुरा निळसर पडून, डोके सुजून एकाएकी अनेक पक्षी मरू लागल्यास बर्ड फ्लूची शंका घ्यावी. महाराष्ट्रात हा रोग २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता. माणसासही तो होऊ शकतो. म्हणून मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हाताने स्पर्श करू नये, ते उकिरड्यावर फेकू नयेत, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. देवी मात्र कोंबड्यांपासून माणसास होत नाही.

जखमेवरील उपचार

१. पक्षी वेगळ्या, किंचित अंधाऱ्या जागी ठेवावा. रक्त दिसले की इतर कोंबड्या तेथेच टोचा मारतात.

२. स्वच्छ फडक्याने जखम पाच मिनिटे दाबून धरावी.

३. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात चहाचा दीड चमचा मीठ विरघळवावे व त्याने जखम धुवावी.

४. पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे केलेले पोव्हिडोन आयोडीन कापसाने दिवसातून दोन वेळा लावावे. डोळ्याजवळ केवळ मिठाचे पाणी वापरावे.

५. जखमेत अळ्या पडल्यास, पू झाल्यास किंवा डोळा दुखावल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.

रॉकेल, चुना किंवा जळके तेल जखमेस मुळीच लावू नये.

देवीवरील उपाय

या रोगाचा विषाणू मारणारे औषध नाही. साधे फोड बहुधा तीन-चार आठवड्यांत आपोआप सुकून गळतात. ते ओरबाडून काढू नयेत. त्याने रक्त येते व रोग पसरतो. गळलेल्या खपल्यांत विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून त्या व खुराड्यातील केरकचरा जाळून टाकावा. डोळे चिकटल्यामुळे पक्ष्यास दाणा दिसत नाही व तो उपाशी मरतो. यासाठी डोळे मिठाच्या पाण्याने पुसून दाणा-पाणी त्याच्या चोचीजवळ ठेवावे.

लसीकरण हाच खरा प्रतिबंध

निरोगी पिलांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ पडद्यात देवीची लस टोचून घ्यावी. सात ते दहा दिवसांनी टोचलेल्या जागी लहान गाठ किंवा खपली दिसली पाहिजे. ती न दिसल्यास लस लागली नाही असे समजून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती पुन्हा टोचावी. पावसाळ्यात डास वाढतात. म्हणून हे काम मृगापूर्वीच उरकणे इष्ट होय. खुराड्याभोवती पाणी साचू देऊ नये. बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच नर ठेवल्यास झुंजीही कमी होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी वस्तीवरील पिलांची वयानुसार यादी करून ती पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांना पुरेल इतकी लस असते, आणि विरघळविलेली लस दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवता येत नाही. यास्तव सर्व वस्तीने एकाच दिवशी लस टोचून घेणे सोयीचे व काटकसरीचे ठरते.