विटांचा गड आणि थकलेला पगार

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? उंच कडा, काळा पाषाण, वळणावळणाची वाट आणि वाटेच्या शेवटी गोमुखी दरवाजा. आज ज्या किल्ल्याची हकीगत सांगायची आहे, त्यात यातले काहीही नाही. तो डोंगरावर नाही, सपाट मैदानात नदीच्या काठी आहे. दगडाचा नाही, विटांचा आहे. आणि तरीही तो भर लढाईत पडला नाही. तोफा पडल्या, वेढा बसला, पण गड काही हाती लागला नाही. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी मात्र तो गेला आणि कसा गेला म्हणाल, तर आतल्या शिपायांचा पगार थकला म्हणून गेला!

या किल्ल्याचे नाव माल्बोर्क. पोलंडच्या उत्तरेला, ग्दान्स्क या बंदरापासून साठेक किलोमीटरांवर, व्हिस्टुला नदीचा नोगाट नावाचा एक फाटा वाहतो. त्याच्या काठावर हा लालभडक किल्ला उभा आहे. जर्मन लोक त्याला मारियनबुर्ग म्हणत, म्हणजे मेरीचा गड. विटांनी बांधलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांत त्याची गणना होते. तटाच्या आतली जागा पंचेचाळीस-पन्नास एकर भरेल.

विटाच का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्या मुलखात डोंगर नाहीत, म्हणून दगडाच्या खाणी नाहीत. शेतात सापडणारे ग्रॅनाइटचे मोठे धोंडे पायात घातले. वरची सारी इमारत तिथल्याच मातीच्या भाजलेल्या विटांची. जमीन जे देईल त्याचा गड बांधायचा, ही रीत सगळीकडे सारखीच.

आता हा गड बांधला कोणी? पोलंडच्या राजाने नव्हे. तो बांधला ट्युटॉनिक ऑर्डर नावाच्या जर्मन साधूंच्या संघाने. साधू म्हणजे कसे, तर हातात जपमाळ आणि कमरेला तलवार. आपल्याकडे शस्त्रधारी गोसाव्यांचे आखाडे होते, त्यांची आठवण व्हावी. ब्रह्मचर्य, निर्धनता आणि आज्ञापालन अशी तीन व्रते ते घेत आणि पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस लावून लढाईला जात. हा संघ निघाला तो बाराव्या शतकाच्या शेवटी, पॅलेस्टाइनमधल्या धर्मयुद्धांत.

मग हे लोक पोलंडच्या बाजूला आले कसे? त्यांना बोलावून आणले. माझोव्हिया प्रांताचा पोलिश सरदार कॉनराड याला शेजारच्या प्रशियन टोळ्यांचा उपद्रव होत होता. त्याने १२२६ मध्ये या संघाला मदतीसाठी पाचारण केले. टोळ्यांचा बंदोबस्त झाला खरा, पण पाहुणे परत गेले नाहीत. त्यांनी स्वतःचे राज्यच थाटले. १३०८ मध्ये ग्दान्स्क राखण्यासाठी त्यांना पुन्हा बोलावले, तेव्हा त्यांनी ते शहरच घशात घातले. शेजाऱ्याशी भांडताना तिसऱ्याला घरात घेतले की काय होते, त्याचा हा नमुना.

माल्बोर्कचे बांधकाम सुरू झाले ते १२७० च्या दशकात. १३०९ मध्ये संघाच्या प्रमुखाने, म्हणजे ग्रँड मास्टरने, आपली गादी व्हेनिसहून इथे हलवली आणि माल्बोर्क राजधानी बनला. मग गड वाढतच गेला. त्याचे तीन भाग पडतात. सर्वांत आत उंच किल्ला, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्ला. तिथे देऊळ, सभागृह, साधूंच्या झोपायच्या खोल्या, खजिना आणि चौकात विहीर. त्याच्या पुढे मधला किल्ला. तिथे ग्रँड मास्टरचा वाडा आणि पाहुण्यांसाठी प्रचंड भोजनगृह. त्याच्याही पुढे खालचा किल्ला. त्यात शस्त्रागार, तबेले, धान्याची कोठारे, कारखाने. प्रत्येक भागाला वेगळा तट आणि वेगळा दरवाजा. म्हणजे शत्रूने एक भाग घेतला तरी त्याला पुढच्या भागासाठी पहिल्यापासून लढावे लागे.

दोन गोष्टी तर मोठ्या मौजेच्या आहेत. तिथली थंडी कडाक्याची. म्हणून जमिनीखाली भट्टी पेटवून त्यावर दगड तापवत. विस्तव विझला आणि धूर गेला, की फरशीतल्या भोकांवरची झाकणे काढायची; गरम हवा वर दिवाणखान्यात! दुसरी गोष्ट बुरुजाची. मुख्य इमारतीपासून दूर, एका लांब झाकलेल्या पुलाच्या टोकाला एक बुरूज आहे. रोजच्या दिवशी तो साधूंचे शौचकूप. घाण सरळ खाली खंदकात. पण सारा गड पडलाच, तर शेवटचे लोक याच बुरुजात शिरून लढणार, अशी योजना होती. बांधणाऱ्यांनी विचार किती दूरवर केला होता पाहा!

या मुलखातून धान्य आणि इमारती लाकूड युरोपभर जाई. बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडणारा अंबर तर फक्त संघानेच विकायचा, असा नियम. निर्धनतेचे व्रत घेतलेल्या या संघाची तिजोरी भरून वाहू लागली. आणि पोलंडशी वैर वाढू लागले.

१५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या मैदानावर पोलंडचा राजा यागिएलो आणि लिथुआनियाचा व्हितौतास यांनी एकत्र येऊन संघाचा पुरता मोड केला. खुद्द ग्रँड मास्टर उलरिख फॉन युंगिंगेन पडला. संघाचे बहुतेक मोठे सरदार त्या एका दिवसात गेले. बातमी पसरली तसे एकेक किल्ले न लढता दरवाजे उघडू लागले. आता माल्बोर्क गेला की सारे संपले, असेच कोणालाही वाटले असते.

पण नेमके इथे एका माणसाने डाव फिरवला. हाइनरिख फॉन प्लाउएन हा संघाचा एका ठाण्याचा किल्लेदार. तो ग्रुनवाल्डला नव्हता. पराभवाची खबर मिळताच तो आपली माणसे घेऊन माल्बोर्कला धावला. तटाबाहेरचे गाव त्याने जाळून टाकले, म्हणजे शत्रूला आडोसा नको. रसद आत ओढली, पळून आलेल्या शिपायांना जमवले, बुरुजाबुरुजावर माणसे नेमली. यागिएलोचे सैन्य जुलैच्या अखेरीस पोचले, तोवर गड जागा झाला होता.

वेढा आठ आठवडे चालला. पोलिश तोफा आग ओकत होत्या. एक आख्यायिका सांगतात. ग्रँड मास्टरच्या वाड्यातल्या उन्हाळी दालनाचे सारे छत मधल्या एकाच ग्रॅनाइटच्या खांबावर तोललेले आहे. आत मसलत चालू असताना एका फितुराने खिडकीतून लाल टोपीची खूण केली आणि तोफेचा गोळा त्या खांबाच्या रोखाने सुटला. खांब वाचला, गोळा भिंतीत रुतला. गोष्ट खरी असो वा नसो, भिंतीतला दगडी गोळा आजही दाखवतात.

इकडे वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत हगवण पसरली, दाणागोटा संपत आला, लिथुआनियाचे सैन्य घरी परतले. १९ सप्टेंबरला यागिएलोने वेढा उठवला. मैदान जिंकले, पण गड राहिला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, तट भक्कम होते म्हणून गड राहिला. पण तट तर पुढेही तेवढेच भक्कम होते! आता पुढचे ऐका.

१४११ च्या तहात संघाला मोठी खंडणी कबूल करावी लागली. प्रागच्या चांदीच्या नाण्यांत साठ लाख ग्रोशेन. ती भरायची कोठून? रयतेकडून. प्लाउएन आता ग्रँड मास्टर झाला होता. त्याने कर बसवले, वर पुन्हा युद्धाची तयारी चालवली. १४१३ मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला पदच्युत करून कैदेत टाकले. ज्याने गड वाचवला, त्याची ही गत. कर मात्र चालूच राहिले. शहरांतले व्यापारी आणि खेड्यांतले जमीनदार कंटाळले. १४४० मध्ये त्यांनी आपली एक एकजूट बांधली, आणि १४५४ मध्ये उघड बंड करून पोलंडचा राजा काझिमिर चौथा याला आपला राजा मानले. मग जे युद्ध पेटले ते तेरा वर्षे चालले.

संघाकडे आता स्वतःचे लढवय्ये थोडे उरले होते. म्हणून त्याने भाडोत्री शिपाई ठेवले, त्यांत बोहेमियाचे, म्हणजे चेक मुलखाचे, पुष्कळ. शिपाई लढले, एक मोठी लढाई त्यांनी जिंकूनही दिली. पण पगाराला पैसा कुठे होता? तेव्हा ग्रँड मास्टर लुडविग फॉन एर्लिखसहाउझेन याने १४५४ च्या ऑक्टोबरात एक कागद करून दिला. त्याचा मतलब असा, की ठरल्या मुदतीत पगार चुकता झाला नाही, तर किल्ले तुमचे. त्यांचे हवे ते करा. या किल्ल्यांत माल्बोर्कही होता. एखाद्या शेतकऱ्याने सावकाराकडे जमीन लिहून द्यावी, तशी त्याने आपली राजधानी लिहून दिली!

मुदत टळली. पैसा आला नाही. शिपायांनी गिऱ्हाईक शोधले, आणि गिऱ्हाईक कोण, तर पोलंडचा राजा. त्यांचा चेक सरदार उलरिख चेर्वोन्का याने बोलणी केली. १४५६ च्या ऑगस्टमध्ये १ लाख ९० हजार सोन्याच्या फ्लोरिनांना सौदा ठरला. एवढी रक्कम राजाकडेही नव्हती. पोलंडात कर बसवले. ग्दान्स्क आणि इतर शहरांनी पदरचे पैसे घातले. १४५७ च्या जूनमध्ये ग्रँड मास्टरने आपला गड सोडला आणि काझिमिर राजा दरवाजातून आत गेला. ज्या तटापुढे त्याचा बाप आठ आठवडे तोफा डागून परतला होता, तो तट त्याने पैसे मोजून घेतला.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गडाच्या पायथ्याच्या गावाचा नगराध्यक्ष बार्थोलोमेउस ब्लुमे संघाशी एकनिष्ठ होता. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने रात्री गावाची वेस उघडून संघाचे सैन्य आत घेतले. वर गडावर पोलंडचे निशाण, खाली गावात संघाचे, असा प्रकार जवळजवळ तीन वर्षे चालला. १४६० मध्ये गाव पडले आणि ब्लुमेला देहदंड झाला. एकाने पगारासाठी गड विकला, दुसऱ्याने पगाराशिवाय गाव लढवले. १४६६ च्या तहाने माल्बोर्कवर पोलंडचा हक्क कायम झाला.

पुढची तीनशे वर्षे माल्बोर्क पोलंडचा होता. मधे स्वीडनच्या स्वाऱ्या होऊन गेल्या. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि गड प्रशियाकडे गेला. प्रशियाने त्याच्या बराकी आणि कोठारे केली. १७९४ मध्ये तर गड पाडावा काय, हे पाहायला एका वास्तुविशारदाला पाठवले. त्याच्याबरोबर त्याचा तरुण मुलगा फ्रीडरिख गिली होता. त्याने काढलेली चित्रे १७९५ मध्ये बर्लिनला प्रदर्शनात मांडली गेली, आणि लोकांना प्रथमच कळले की आपण काय पाडायला निघालो आहोत. लोकमत जागे झाले. १८०४ मध्ये राजाज्ञेने मोडतोड थांबली. पुढे डागडुजी झाली, १८८२ पासून कॉनराड स्टाइनब्रेख्ट या वास्तुविशारदाने चाळीस वर्षे त्यातच घालवली.

पण याच काळात माल्बोर्क हे जर्मन वर्चस्वाचे प्रतीक बनवले गेले. नाझींनी तिथे आपले मेळावे भरवले. १९४५ च्या सुरुवातीला जर्मन शिबंदी गडात ठाण मांडून बसली आणि रशियन तोफांनी पूर्वेची बाजू, देऊळ आणि मुख्य मनोरा जमीनदोस्त केला. सुमारे निम्मा गड ढिगाऱ्यात गेला.

युद्धानंतर तो ढिगारा पोलंडच्या वाट्याला आला. पोलंडची तेव्हाची स्थिती कशी होती? वॉर्सा भुईसपाट, लाखो माणसे मेलेली, लाखो देशोधडीला लागलेली. त्यांतलीच सुमारे पाच हजार माणसे १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत दिवस काढत होती. माल्बोर्क गावच्या पडक्या घरांच्या विटा वॉर्सा आणि ग्दान्स्क उभारायला नेल्या गेल्या. अशा वेळी शत्रूने बांधलेला, शत्रूने मिरवलेला गड पुन्हा उभारायचा का? नाही म्हणायला कारणे पुष्कळ होती.

पोलिश लोकांनी हो म्हटले. १९६१ मध्ये तिथे वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. स्टाइनब्रेख्टच्या वेळची जुनी छायाचित्रे आणि नकाशे समोर ठेवून विटेवर वीट चढू लागली. १९९७ मध्ये युनेस्कोने गडाचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार केला. २०१६ मध्ये देवळाचे काम पुरे झाले आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीतली मेरीची रंगीत काचतुकड्यांची मूर्ती, सुमारे आठ मीटर उंचीची, एकाहत्तर वर्षांनी पुन्हा जागेवर उभी राहिली.

आता सगळी हकीगत एकदा मनाशी जुळवून पाहा. १४१० मध्ये गड राखला तो एका किल्लेदाराने. १४५७ मध्ये घालवला तो पगार थकवणाऱ्या धन्याने. १८०४ मध्ये वाचवला तो एका तरुणाच्या चित्रांनी. आणि १९४५ नंतर उभा केला तो ज्यांच्याविरुद्ध तो बांधला होता, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी. यात विटा त्याच होत्या. तट तेवढाच जाड होता. बदलत गेली ती आतली माणसे. म्हणून कुठलाही किल्ला पाहायला जाल, तेव्हा तटाची उंची जरूर मोजा. पण त्याबरोबर एवढेही विचारा, की इथल्या शिबंदीला पगार कोण देत होते आणि तो वेळेवर मिळत होता का?