नऊ महिन्यांचं म्हातारपण

मुंबईहून दिल्लीला जाताना मथुरा मागे पडली की डब्यात सामानाची आवराआवर सुरू होते आणि त्या गडबडीत फरीदाबाद कधी येऊन गेलं ते कळतही नाही. कारखाने आणि धूळ, एवढीच आपली या गावाशी ओळख. पण इथेच 'ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट' ही सरकारी संशोधनसंस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०१५ पासून शेजारच्या गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात 'गर्भिणी' प्रकल्प चालू आहे. बाळं ३७ आठवडे भरण्याआधीच का जन्मतात, हा त्याचा प्रश्न. २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, म्हणजे जगातल्या दर पाचांतलं एक तरी आपलं.

या प्रश्नाचा एक धागा चक्क म्हातारपणाशी जाऊन भिडतो. माणसाची पेशी ठरावीक वेळाच विभागते आणि मग थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. थांबते, पण मरत नाही. आणि गप्प तर मुळीच बसत नाही. निवृत्तीनंतर कट्ट्यावर बसून अख्ख्या सोसायटीला सूचना देणाऱ्या गृहस्थांसारखं तिचं चालू राहतं. दाह वाढवणारे रासायनिक निरोप ती सोडत राहते आणि शेजारच्या धडधाकट पेशीही त्याने थकतात. गुडघे झिजण्यात, रक्तवाहिन्या कडक होण्यात या निरोपांचा हात असतो.

बाळाभोवतीच्या पडद्यांना आयुष्यच मुळी नऊ महिन्यांचं. अमेरिकेत टेक्सासमध्ये काम करणारे रामकुमार मेनन यांचं संशोधन सांगतं, की दिवस भरत आले की या पडद्यांच्या पेशी म्हाताऱ्या होतात आणि अतिसूक्ष्म पिशव्यांमधून गर्भाशयाकडे निरोप धाडतात. कळा सुरू होण्यामागचं हे एक कारण. धूम्रपानाने हेच म्हातारपण अवेळी येऊ शकतं. बारीक धूलिकण फुप्फुसात गेले की तिथल्या पेशीही दाहाचे निरोप रक्तात सोडतात, आणि अशा हवेचा अकाली प्रसूतीशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. या कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या सरकारने ४०. फरीदाबादला ती चाळिशीही वर्षानुवर्षं पेलत नाही.

म्हाताऱ्या पेशी मारून तारुण्य टिकवू म्हणणाऱ्या औषधांचा सध्या बराच गाजावाजा आहे. मला तो घाईचा वाटतो. जो निरोप गुडघ्यात नको, तोच नवव्या महिन्यात हवा असतो. जखम भरतानाही हवा असतो.

आता पुन्हा 'गर्भिणी'च्या प्रश्नाकडे. प्रसूती अवेळी झाली हे ठरवायला आधी गर्भाचं वय नेमकं कळायला हवं. ते मोजायची सूत्रं पाश्चात्त्य बायकांवर बेतलेली होती. म्हणून फरीदाबादच्या या संस्थेने आयआयटी मद्राससोबत भारतीय बायकांच्या सोनोग्राफीवरून नवं सूत्र २०२४ मध्ये मांडलं. तरी सर्वांत भरवशाचं मोजमाप पहिल्या तिमाहीतलंच. घरात कुणाला दिवस गेले असतील, तर ती पहिली सोनोग्राफी चुकवू नका आणि तिचा कागद जपून ठेवा.