टर्बो वाढवण्याआधी क्लचला विचारा

चाकणच्या कारखान्यातली पोलो ही कार २०२२ मध्ये बंद झाली, तरी तिच्या जीटी टीएसआय आवृत्तीवर जीव टाकणाऱ्यांची हौस अजून ताजी आहे. २०१३ साली आलेल्या या गाडीत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. ट्यूनर लॅपटॉप जोडतो, ईसीयूतलं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातलं, सॉफ्टवेअर (त्यालाच 'मॅप' म्हणतात) बदलतो आणि एकही नट न खोलता गाडी 'स्टेज वन' होते.

टर्बोमध्ये इंजिनाचा गरम धूर टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो; हाच बूस्ट. किती कोंबायची ते ईसीयू ठरवतो. भेसळीचं पेट्रोल, मे महिन्यातलं ऊन, लांबलेली सर्व्हिसिंग या सगळ्याचा हिशेब धरून कंपनी थोडी ताकद राखून ठेवते. ट्यूनर नवीन ताकद निर्माण करत नाही, तो ही शिल्लक खर्च करतो. म्हणून किती वाढली यापेक्षा किती उरली, हे विचारायला हवं.

पहिला धोका नॉकिंगचा. दाब आणि उष्णता वाढली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनला हादरे बसतात. नॉक सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते आणि धूर आणखी तापतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बांधलेला मॅप आणि टाकीत कमी ऑक्टेनचं पेट्रोल, अशा अवस्थेत भर दुपारी कसारा घाट चढणाऱ्या गाडीत हेच होतं. पुण्यात सहज मिळणारं महागडं पेट्रोल गावाकडच्या पंपावर मिळेलच असं नाही. मॅप त्या पंपाकडे बघून करावा.

खरी मेख मात्र गिअरबॉक्समध्ये आहे. जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला दोन कोरडे क्लच आहेत आणि त्याची टॉर्कची मर्यादा साधारण २५० न्यूटन-मीटर. क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे उष्णता हळूहळूच जाते. सिग्नल-टू-सिग्नल सरकताना तर हा गिअरबॉक्स फारच वैतागतो. म्हणून शहाणा ट्यूनर खालच्या आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा करत नाही. तो आलेख सपाट ठेवतो आणि वाढ वरच्या आरपीएमला देतो. डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावरचा सर्वांत मोठा आकडा मित्रांना दाखवायला छान, पण बघायचा असतो तो रेषेचा आकार.

मॅपआधी स्पार्क प्लग, कॉइल आणि हवेच्या पाइपांची गळती तपासून घ्यावी. मग आधीचा आणि नंतरचा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या नोंदी, काढावा: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, कोणत्या सिलिंडरची ठिणगी किती मागे ओढली जातेय. एकच सिलिंडर सतत मागे पडत असेल, तर वाढीचा विचार तिथेच सोडावा. मागे ड्रम ब्रेक असलेल्या या गाडीला चांगले टायर आणि ताजं ब्रेक ऑइल हे मॅपआधी, हे माझं हट्टी मत.

आणखी ताकदीसाठी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याच्या भानगडीत पडू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं आणि विमा कंपनीला अंधारात ठेवलं, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

ट्यूनरकडे मूळ फाइलची प्रत आणि दोन्ही लॉग मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर चावी उचला आणि निघा.