दगडाच्या नावाचा उजेड

'फ्लुओरेसन्स' हा शब्द ट्यूबलाइटमुळे आपल्या ओळखीचा झाला, पण त्याचं मूळ धातू गाळणाऱ्या भट्टीपाशी आहे. लॅटिनमध्ये 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. धातुकात एक विशिष्ट खनिज मिसळलं की मळी पातळ होऊन लवकर वाहू लागते, हे युरोपातल्या भट्टीवाल्यांना ठाऊक होतं. त्यावरून त्या खनिजाला 'फ्लोर' नाव पडलं आणि इंग्रजीत ते फ्लोरस्पार झालं. टूथपेस्टमधला फ्लोराइड याच घराण्यातला. या नावात उजेडाचा मागमूसही नव्हता.

फ्लोरस्पारचे काही स्फटिक मात्र आरपार पाहिल्यास हिरवे आणि उन्हात वरून पाहिल्यास निळे दिसत. 1845 मध्ये जॉन हर्शेल यांना क्विनीनच्या रंगहीन द्रावणात, उजेड शिरतो त्या बाजूला, अशीच निळी झाक दिसली. त्यांनी आणि डेव्हिड ब्रूस्टर यांनी अशा प्रकाशाला आपापली नावं दिली, पण कोडं सुटलं नाही.

ते सोडवलं आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि केंब्रिजमध्ये शिकवणाऱ्या जॉर्ज स्टोक्स यांनी. लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यांनी क्विनीनची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबडा, पिवळा, हिरवा संपला तरी काही घडलं नाही. जांभळ्याच्या टोकाला निळी झाक उमटू लागली आणि जांभळाही संपून डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, तिथेही नळी निळी उजळलेलीच राहिली! न दिसणारे अतिनील किरण आत शिरत होते आणि दिसणारा निळा प्रकाश होऊन बाहेर पडत होते. शिरणाऱ्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणाऱ्याची तरंगलांबी जास्त, हा नियम आजही स्टोक्स यांच्या नावाने शिकवला जातो.

1852 साली त्यांनी हे सारं सुमारे शंभर पानांच्या निबंधात मांडलं. त्यात वापरलेलं नाव त्यांनाच पसंत नव्हतं. म्हणून तळटिपेत त्यांनी सुचवलं की ओपलवरून जसं 'ओपलेसन्स', तसं फ्लोरस्पारवरून 'फ्लुओरेसन्स' म्हणावं. विज्ञानात इतकं शहाणपणाचं बारसं क्वचितच होतं. आधीच्या नावांत कारणाविषयीचा अंदाज दडलेला होता. तो चुकला आणि नावंही मागे पडली. स्टोक्स यांनी फक्त एका दगडाकडे बोट दाखवलं.

ट्यूबलाइटमध्ये हेच चालतं. आत पाऱ्याची वाफ मुख्यतः 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडते आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचा दृश्य प्रकाश करतो. बँकेत नोटा तपासायचा अतिनील दिवा दिसला, तर त्याखाली आपली नोट जरूर धरून पाहा. तिच्यावरचे क्रमांक फ्लुओरेसंट शाईने छापलेले असतात.